टीव्हीला शिट्टी मारणाऱ्या बाई

शेखबाईंच्या शोकसभेत एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "बाई म्हणजे कमालच! टीव्हीतल्या खेळाडूलासुद्धा शिट्टी मारायच्या!" सभागृह हसलं. शोकसभेत हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. बाईंना स्वतःलाच पडलेले चेहरे खपायचे नाहीत. पण ते गृहस्थ सांगत होते ती गोष्ट अर्धी होती. उरलेली अर्धी समोर बसलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक होती. त्यांच्यातलं कुणी उठलं नाही. मीही उठलो नाही. घरी येईपर्यंत संतापाने माझं डोकं भणभणत होतं, आणि त्या संतापात माझा स्वतःचा वाटा किती हे मला नीट कळत होतं. म्हणून हे लिहितो आहे.

नसीम शेख आमच्या शाळेत पी. टी.च्या बाई होत्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. नगरजवळ भिंगारला एकाच इमारतीत आमची घरं, त्या खाली, आम्ही वर. त्यांचे यजमान लष्कराच्या स्टोअरमध्ये नोकरीला होते, ते लवकर गेले. मुलगी लग्न होऊन सोलापूरला. निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं, पण दुसऱ्याच दिवशी सकाळी त्या मैदानावर हजर. शाळेने त्यांना या म्हटलं नव्हतं आणि जा म्हणायची कुणाची छाती नव्हती. डोक्यावरून पदर, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि पदराच्या टोकाला कायम मैदान आखायची फक्की लागलेली. पर्समध्ये शिट्टी. एकदा त्या बँकेत चष्मा विसरून आल्या, तेव्हा मी म्हटलं, "शिट्टी आहे ना?" त्यांनी पर्स उघडून दाखवली. "श्वास विसरेन का रे जोशी?"

मुलींची कबड्डी हा त्यांचा जीव. नियमांचं पुस्तक त्यांच्याकडे असणारच, पण मैदानावर त्या तीनच गोष्टी सांगायच्या, आणि त्या सांगताना आवाज असा लावायच्या की रस्त्यापलीकडचा चहावालाही सरळ उभा राहायचा. खेळणाऱ्याचं तोंड बघू नका, पाय बघा. तोंड खोटं बोलू शकतं, पाय खोटं बोलत नाहीत. बाद झालीस तर हात वर कर आणि बाहेर जा, पंचाने बघितलं असो वा नसो. आणि पंचाने बाद दिलं तर एक अक्षर न बोलता बाहेर जायचं, चुकीचं दिलं असलं तरी.

"चुकीचं असलं तरी का, बाई?" एखादी धीट मुलगी विचारायची.

"कारण मैदानात वकील घेऊन येत नाहीत आपण."

जी मुलगी आपणहून हात वर करायची, तिच्याकडे बघून बाई मोठ्याने म्हणायच्या, "पुढच्या डावात पहिली तू." म्हणजे पुढच्या डावातली पहिली चढाई तिची. एवढंच बक्षीस. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. पण त्या एका वाक्यासाठी मुली जीव टाकायच्या हे मी पाहिलंय.

अश्विनी त्यांच्यातलीच. केडगावची, वडील टेम्पो चालवायचे. जिल्ह्याच्या सामन्यात, अगदी शेवटच्या चढाईत तिचा पाय बाजूच्या रेषेबाहेर पडला. पंच दुसरीकडे बघत होता. समोरच्या मुलींनाही कळलं नाही. अश्विनी मध्येच थांबली, हात वर केला, बाहेर आली, आणि आमची शाळा हरली. मी मुलींबरोबर गेलो होतो. परतायला तिच्याच वडिलांचा टेम्पो. मागे बाकीच्या पोरी रडत होत्या, तिच्याशी कुणी बोलेना. एका मुलीचे वडील तर म्हणाले, "हात काय देवाला वर केला का गं?" बाई पुढच्या सीटवर बसायच्या, ती त्यांची ठरलेली जागा. त्या खाली उतरल्या, अश्विनीला दंडाला धरून पुढे बसवलं आणि स्वतः मागे पोरींच्यात येऊन बसल्या. "पुढच्या डावात पहिली," एवढंच बोलल्या. नगर येईपर्यंत मग मागे कुणी रडलं नाही.

मैदान सोडलं तरी बाईंचं पंचपण सुटत नसे. आमच्या इमारतीच्या गणपतीत एकदा संगीत खुर्ची होती. गाणं थांबलं तशी सेक्रेटरींची बायको आणि वाघमारेवहिनी एकाच खुर्चीवर आदळल्या. सगळे म्हणाले, जाऊ द्या, दोघींना ठेवा. बाई उठल्या.

"वहिनी, तुम्ही बाद."

"अहो बाई, मी बसलेय की!"

"बसलाय खरं, पण वाघमारेवहिनींच्या मांडीवर. मांडी खेळात नाही."

त्या वहिनी पुढे कित्येक महिने बाईंशी बोलत नव्हत्या. बाईंना त्याचं आश्चर्य वाटायचं. माणसं बाद झाल्यावर का रागावतात, हे त्यांना खरोखरच कळत नसे. बाद होणं हा त्यांच्या लेखी अपमान नव्हता. बाद होऊन आत थांबणं हा होता.

अशा बाईंनी टीव्हीवरचे खेळ बघू नयेत. पण त्यांचं ते व्यसन होतं. संध्याकाळी त्या वर आमच्याकडे यायच्या, कारण एकटीने चिडण्यात मजा नाही असं त्यांचं म्हणणं. प्रश्नमंजूषेत एखादा माणूस उत्तर माहीत असून खेळ सोडून निघाला की बाई सोफ्याच्या कडेवर यायच्या. "घाबरट! अरे, चढाईला गेलास आणि रेषेवरूनच परत?" सूत्रसंचालकाने हरलेल्यांना "तुम्ही सगळेच विजेते" असं म्हटलं की त्यांचा पारा चढायचा. "सगळेच विजेते तर खेळलात कशाला? चहाच घ्यायचा होता सगळ्यांनी!" माझी बायको वैशाली हसून हसून बेजार व्हायची. पण बाई हसत नसत. त्यांचा राग खरा असे. जेवताना तो परत निघे, दुसऱ्या दिवशी मैदानावर मुलींना त्यावर व्याख्यान मिळे.

आणि मग त्या टीव्हीत अश्विनी आली.

लग्न होऊन ती संगमनेरला गेली होती. बायकांच्या खेळांचा एक कार्यक्रम असतो, त्याच्या अंतिम फेरीत ती पोहोचली. बक्षिसाला सोन्याची नथ. त्या संध्याकाळी आमचं घर भरलं. वैशालीने पोहे केले. बाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, जणू सामना त्यांनाच खेळायचा होता. शेवटचा खेळ सुरू होणार तेवढ्यात लाईट गेली. भिंगारला काय, वारा सुटला तरी लाईट जाते. अंधारात सगळे महावितरणच्या नावाने ओरडत बसलो. परत आली तेव्हा खेळ सुरू झालेला. डोक्यावर कळशी घेऊन एका अरुंद पिवळ्या पट्टीवरून चालत पलीकडे जायचं. अश्विनी निम्म्यावर होती. पाण्याने भरलेली कळशी, आणि ती चालत होती ताठ, एक थेंब न सांडता.

बाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खाली बघत होत्या, पट्टीकडे.

आणि अचानक शिट्टी वाजली. बंद खोलीत कबड्डीच्या पंचाची शिट्टी म्हणजे काय असतं ते ज्याने ऐकलं त्याला कळेल. वैशालीच्या हातातली बशी पडली. बाई उभ्या राहिल्या होत्या, एक हात टीव्हीकडे रोखलेला.

"बाद! डावा पाय बाहेर!"

कुणी पाहिलं नव्हतं. टीव्हीवर खेळ चालूच राहिला, अश्विनी पलीकडे पोहोचली, वेळ मोजला गेला, तिच्या नाकात नथ घातली गेली, वरून कागदाच्या पाकळ्या पडल्या. आमच्या घरातही टाळ्या. बाई उभ्याच.

"बाई, टीव्हीतल्याला ऐकू जातं का?" कुणीतरी म्हणालं.

"तिला ऐकू जायला शिट्टी लागत नाही," बाई म्हणाल्या. "तिला माहीत असणार." आणि जिना उतरून गेल्या. पोह्यांना हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. तो कार्यक्रम मोबाईलवर परत दिसतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. "ती जागा काढ." मी माझ्या मोबाईलवर तो उतरवून घेतला आणि ती काढली. पाय नीट दिसेना, म्हणून मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं. पडदाभर फक्त पिवळी पट्टी आणि अश्विनीचे पाय. डावा पाय स्पष्ट बाहेर होता.

"आहे ना बाहेर?"

"आहे, बाई."

"मग?"

मला काय म्हणायचं होतं? एक टीव्हीचा खेळ, एक नथ, सोडून द्या. पण बाईंना असं काही म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही. "तिला आधी एक फोन करून विचारा," एवढं मी म्हणालो.

"पंच फोन करून बाद देतो का?"

त्यानंतर शाळेत अश्विनीचा सत्कार ठरला. मैदानावर मांडव, संस्थेचे लोक, माजी विद्यार्थिनी, अश्विनीचे आईवडील, संगमनेरहून सासू. शाल बाईंच्या हस्ते. दुसरं कोण देणार? सूत्रसंचालन माझ्याकडे. अश्विनी नथ घालून आली होती, बाईंच्या पाया पडली. बाईंनी शाल हातात धरली, पण पांघरली नाही. माझ्यासमोरचा माईक ओढून घेतला.

"अश्विनी, तुझा डावा पाय बाहेर होता."

मांडवात कुणाला काही कळेना. पहिल्या रांगेतले लोक हसऱ्या चेहऱ्यानेच बघत राहिले.

"तू बाद होतीस," बाई म्हणाल्या. "पंचाने नाही बघितलं. मी बघितलं."

अश्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, मला वाटलं ती काहीतरी बोलणार. मग तिने मान खाली घातली, व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली आणि मांडवाच्या बाहेर जाऊन एका रिकाम्या खुर्चीवर बसली. एक अक्षर बोलली नाही. तिची आई मात्र उभी राहिली. "बाई, आमी तुमाला देवावानी मानलं! लेकीच्या सासूसमोर असं बोलायचं व्हय?"

बाई म्हणाल्या, "मैदानात सासू नसते हो."

त्यानंतर जे सुरू झालं त्याची मला आजही चीड येते. अश्विनी न बोलता उतरली म्हणजे कबूलच केलं, असा सगळ्यांनी निकाल लावला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे आदल्या दिवशी "आमच्या नगरची वाघीण" होती, तिथे "नथचोर" आलं. आम्हाला आधीच शंका होती, असं लिहिणारे निघाले. हे तेच, पोहे खाता खाता टाळ्या पिटणारे. दुसऱ्या बाजूने बाईंवर सुरू झालं. म्हातारी जळते. आणि एकाने लिहिलं, "त्यांना आपल्या नथीचं काय कळणार." आपल्या! चाळीस पोरींच्या वेण्या घालून, त्यांच्या सुजलेल्या घोट्यांना स्वतः हळद लावून जिने आयुष्य काढलं, तिला हे "आपल्या" ऐकवायचं! त्या वाक्याखाली हसरे चेहरे टाकणाऱ्यांत माझे दोन सहकारी होते. मी त्या ग्रुपमध्ये आहे. मी वाचत होतो. मी फोन उलटा करून ठेवला, एवढाच माझा निषेध.

बाईंपर्यंत ते पोहोचलंच. त्या म्हणाल्या, "बोलू दे. पंचाला शिव्या पडतातच." पण संध्याकाळी वर येणं त्यांनी बंद केलं.

मग एके दिवशी मोबाईल भरला म्हणून मी नको ते काढून टाकत बसलो होतो. तो कार्यक्रम अजून त्यात होता. पुसण्याआधी सहज लावला, सुरुवातीपासून, आणि या वेळी चित्र मोठं न करता. लाईट गेली तेव्हा जे हुकलं होतं ते आधी आलं. सूत्रसंचालक नियम सांगत होता: पट्टीबाहेर पाय पडला तर बाद नाही, घेतलेल्या वेळात थोडे सेकंद वाढतील. मी पुढे बघत गेलो. अश्विनी निम्म्यावर आली. डावा पाय बाहेर पडला. आणि त्याच क्षणी तिचा उजवा हात, कळशीला धरलेला हात, सुटला आणि वर गेला. सरळ वर. तळवा उघडा. आमच्या मैदानावर जातो तसा. पडद्याबाहेरून कुणीतरी म्हणालं, "चला, चला, चालू ठेवा!" आणि दृश्य बदललं. त्या क्षणी आम्ही सगळे शिट्टीने दचकून बाईंकडे वळलो होतो.

मी दोन बोटांनी तो हात चित्राबाहेर ढकलला होता.

हे बाईंना सांगायला मला त्याच सकाळी जायला हवं होतं. नाही गेलो. दोन दिवस जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की मी दार लोटून घ्यायचो. शेवटी वैशाली म्हणाली, "तुम्ही जाता की मी जाऊ?"

बाई मैदानावर फक्की टाकत होत्या. मी मोबाईल पुढे केला. त्यांनी तो लांब धरून बघितलं.

"परत लाव."

मी परत लावलं.

"मी हात बघितलाच नाही रे," त्या म्हणाल्या. मग एकदम भडकल्या. "आणि ही मुलगी गप्प का बसली? मूर्ख कुठली! तोंड नव्हतं तिला? सरळ सांगायचं ना, बाई, नियम वेगळा होता, मी हात वर केला होता! इतक्या लोकांत मुकाट उतरून गेली! कुणी शिकवलं तिला हे?"

बाईंचा हात फक्कीच्या डब्यात तसाच राहिला. स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर त्यांना ऐकू आलं होतं.

मग त्यांनी हात झटकले. "मोबाईल धर. चित्र काढ. आणि या वेळी माझे पाय नकोत, सगळी मला घे."

आखलेल्या चौकोनाच्या मधोमध त्या उभ्या राहिल्या. "मी नसीम शेख. मी अश्विनीला बाद दिलं ते चुकीचं होतं. तिने हात वर केला होता, तो मी बघितला नाही. मी बाद." हात वर करून त्या चालत रेषेबाहेर गेल्या आणि खाली बसल्या. मी ते ग्रुपवर टाकलं. उत्तरादाखल नमस्काराचे हात आले, फुलं आली, "ग्रेट बाई" आलं. ज्यांनी नथचोर लिहिलं होतं त्यांनीही फुलं टाकली. एकाने, एकानेही, आपलं आधीचं वाक्य मागे घेतलं नाही. "चुकीचं चित्र मी दाखवलं," असं मी लिहिलं, त्यावर कुणीतरी लिहिलं, "सर, जाऊ द्या आता." जाऊ द्या! सगळे बाद होऊन आत उभे आहेत आणि वर म्हणतात जाऊ द्या.

बाईंनी ग्रुप बघितलाही नाही. "तिथे थोडीच बाद दिलं मी. चल, संगमनेरला."

एसटीने गेलो. बाईंनी खिडकीची जागा मलाच दिली. अश्विनीचं घर मुख्य रस्त्यावरच होतं. फाटक उघडं होतं, पण बाई आत गेल्या नाहीत. फाटकाबाहेर उन्हात थांबल्या, चपला काढाव्यात तशी पर्स खाली ठेवली आणि हात वर केला. हाक मारली नाही, मलाही मारू दिली नाही. "बाद झालेल्याने हाका मारायच्या नसतात."

मी बाजूला झाडाखाली उभा. पदर घसरलेला, पांढरे बूट, आणि तो हात. एक रिक्षा येऊन कचकन थांबली.

"कुठं जायचं आजी?"

"आत," बाई म्हणाल्या.

रिक्षावाल्याने माझ्याकडे बघितलं. "काय लई ऊन लागलं का काय यांना?" आणि तो निघून गेला.

तेवढ्यात अश्विनीची सासू ओट्यावर आली, तिने बघितलं आणि आत धावली. मग अश्विनी आली. हात पिठाने भरलेले. ती ओट्यावरच थबकली. मला वाटलं ती रडेल, धावत येईल, पायाला हात लावेल. त्यातलं काही झालं नाही. ती शांतपणे फाटकापर्यंत आली आणि आतल्या बाजूला उभी राहिली. दोघींच्या मध्ये फाटकाची लोखंडी पट्टी होती, जमिनीत रुतलेली.

"बाई, हात खाली घ्या."

"आधी पंचाने बोलायचं असतं."

अश्विनीने ओठ घट्ट दाबले. मग ती, आमच्या मैदानावर बाईंचा जो रस्त्यापलीकडे ऐकू जायचा त्याच आवाजात, म्हणाली, "पुढच्या डावात पहिल्या तुम्ही."

बाईंनी हात खाली घेतला. पर्स उचलली. मग खाली बघून, आधी पट्टी नीट निरखून, त्यांनी पाय आत टाकला.